एकूण चढ ३१० मीटर

मार्ग आखून झाला तेव्हा नकाशाच्या तळाशी दोन आकडे उमटले: अंतर २४६ किलोमीटर आणि एकूण चढ ३१० मीटर. तीन दिवसांच्या सायकलप्रवासासाठी हे आकडे मला जवळजवळ अपमानास्पद वाटले. डांबरी रस्त्यावर मी एका सकाळीत याच्या दुप्पट चढत असे, आणि इथे तर सगळा मार्ग तळहातासारखा सपाट होता: आधी नदीच्या खोऱ्यातून, मग राखीव वनातून, आणि शेवटी पुन्हा नदीकाठाने परत. माझा मामेभाऊ, ज्याला मी दादा म्हणते आणि जो सात-आठ वर्षांपासून ग्रॅव्हल बाइक, म्हणजे खडी-मातीच्या कच्च्या रस्त्यांवरची सायकल, चालवतो, त्या आकड्यांकडे पाहून एवढेच म्हणाला, "चढ नाही म्हणजे उतारही नाही, एवढे लक्षात असू दे." मी ते ऐकले आणि सोडून दिले. दिवसाला सरासरी ८२ किलोमीटर, ताशी २० चा वेग, म्हणजे चार तासांचे काम, असा माझा हिशेब होता. प्रत्यक्षात पहिल्या दिवसाचे ९२ किलोमीटर संपायला नऊ तास लागले आणि त्यांतले पावणेसात तास मी सीटवर बसून होते.

ही सायकल ज्यांनी जवळून पाहिलेली नाही त्यांना ती शर्यतीच्या सायकलीसारखीच वाटते, कारण हँडल तसेच खाली वळलेले असते. फरक दिसतो तो टायरमध्ये. शर्यतीच्या सायकलीला हल्ली २८ मिलिमीटरच्या आसपासचे टायर असतात, माझ्या ग्रॅव्हल बाइकला ४० मिलिमीटरचे आहेत, आणि चिखल अडकू नये म्हणून सांगाडा व टायर यांच्यात बोटभर जागा मोकळी सोडलेली आहे. हँडलची खालची टोके बाहेरच्या बाजूला फाकलेली असतात, त्यामुळे खडबडीत जागी हात रुंद धरता येतात. ब्रेक डिस्कचे. पुढे ४० दात्यांची एकच चक्री आणि मागे ११ ते ४२ दात्यांचा संच, म्हणजे सर्वांत हलक्या गिअरमध्ये पेडलची एक फेरी मारली तर चाकाची पूर्ण एक फेरीही होत नाही. सपाट मुलुखात हा गिअर कशाला लागणार, असे मला वाटले होते. तिन्ही दिवस तो लागला.

या प्रकाराला लोकप्रियता मिळाली ती मुख्यतः अमेरिकेतल्या कॅन्सास राज्यातून. एम्पोरिया या गावातून २००६ साली सुरू झालेली २०० मैलांची शर्यत, जी आज अनबाउंड ग्रॅव्हल या नावाने ओळखली जाते, फ्लिंट हिल्स नावाच्या गवताळ टेकड्यांमधून जाते, आणि तिथली गारगोटी टायर फाडण्यासाठी कुप्रसिद्ध आहे. जागतिक सायकलिंग संघटनेने ग्रॅव्हलची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा मात्र २०२२ साली इटलीच्या व्हेनेतो प्रांतात भरवली आणि तिचा बराचसा मार्ग सपाट होता. त्या वेळी अनेकांनी नाके मुरडली होती. सपाटीवर कसली ग्रॅव्हलची परीक्षा, असा सूर होता. मीही त्या सुरात सूर मिसळला होता.

दुसरी फसगत नावामुळे झाली. ग्रॅव्हल म्हणजे खडी, म्हणून मी खडीची तयारी केली होती. १९२२ साली वेंटवर्थ या अमेरिकी भूवैज्ञानिकाने गाळाच्या कणांची जी प्रतवारी लावून दिली, ती थोड्याफार फरकाने आजही वापरली जाते. तिच्यात २ मिलिमीटरपेक्षा मोठ्या कणालाच खडी म्हणायचे. त्याखाली वाळू, एक मिलिमीटरच्या सोळाव्या भागाखाली पोयटा, आणि त्याहूनही बारीक ती चिकणमाती. आता सपाट खोऱ्यातून संथ वाहणाऱ्या नदीच्या अंगात खडी वाहून नेण्याइतका जोर उरलेला नसतो. खडी तिने वरच, डोंगराच्या पायथ्याशी टाकून दिलेली असते आणि इथवर ती आणते ते वाळू, पोयटा आणि चिकणमाती. म्हणजे या खोऱ्यात खडी भेटली ती फक्त माणसाने आणून टाकलेली, बांधाच्या माथ्यावर आणि जंगलातल्या मुख्य रस्त्यावर. उरलेला सगळा प्रवास नदीने चाळून ठेवलेल्या मातीवरून होता, आणि ती चाळणी कशी चालते हे कळेपर्यंत माझा पहिला दिवस वाया गेला.

तयारीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. सांगाड्याच्या तिकोनात एक पिशवी, सीटमागे एक, हँडलवर एक, सगळे मिळून १२ किलो. पाण्याच्या तीन बाटल्या आणि गाळणी, कारण नदी शेजारून वाहत असली तरी तिचे पाणी तसेच पिता येत नाही. एक गोष्ट मात्र मी टाळली आणि ती नोंदवायलाच हवी. ट्यूबलेस टायरमध्ये साठ-सत्तर मिलिलिटर सीलंट, म्हणजे रबराच्या चिकाचे पातळ द्रव, ओतलेले असते. काटा लागला की ते भोकाशी धावते आणि तिथेच गोठून भोक बुजवते. हे द्रव काही महिन्यांत आतल्या आत वाळते. माझे सात महिन्यांपूर्वीचे होते. टायर हलवला की आत खळखळ ऐकू यायला हवी. मी हलवून पाहिलाच नाही, कारण हवा टिकत होती.

पहिल्या सकाळी आम्ही पूर अडवण्यासाठी घातलेल्या बांधावर चढलो. बांधाचा माथा चार मीटर रुंद, त्यावर मुरूम आणि बारीक खडी दाबून बसवलेली, डावीकडे नदी आणि उजवीकडे शेतांचा हिरवा पट्टा. पहिले १५ किलोमीटर इतके सुरेख गेले की आपला हिशेब बरोबर होता असे मी मनात म्हणून टाकले. मग पन्हळी सुरू झाली. मुरमाच्या रस्त्यावर आडव्या, हातभर अंतराने उठलेल्या लाटा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना पन्हळी पत्रा हीच उपमा सुचेल. मला आजवर वाटत होते की या लाटा गाड्यांच्या स्प्रिंगमुळे उठतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वाळूच्या फिरत्या थरावर साधे, बिनस्प्रिंगचे चाक फिरवून दाखवले गेले की ठरावीक वेगाच्या वर गेले की लाटा आपोआप उठतात. चाक एखाद्या उंचवट्यावरून किंचित उडते, पुढे आपटते, तिथली वाळू पुढे ढकलते आणि पुढचा उंचवटा तयार करते. हे वाचून माझी जिज्ञासा शमली, मनगटे मात्र शमली नाहीत. दादा बांधाच्या अगदी कडेच्या, जिथे गाड्यांची चाके पोचत नाहीत अशा वीतभर पट्टीवरून चालला होता. मी मधोमध होते, कारण कडेला उतार होता आणि मला पडण्याची भीती वाटत होती.

टायरमध्ये मी ४५ पीएसआय हवा भरली होती. दादाने आदल्या रात्री "तीसवर आण" असे सांगितले होते, पण टायर टणक तर सायकल वेगवान, ही डांबरी रस्त्यावरची शिकवण माझ्या हाडात मुरलेली होती. गुळगुळीत रस्त्यावर ती शिकवण बऱ्यापैकी लागू पडते. खडबडीत जागी टणक टायर प्रत्येक खड्यावरून सगळी सायकल आणि वर बसलेले माणूस उचलतो आणि आपटतो, आणि उचलण्याची ती ताकद आपल्याच पायांतून जाते. मऊ टायर खडा पोटात घेतो आणि पुढे सरकतो. पंचावन्नाव्या किलोमीटरला माझ्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर झाले. या दोन बोटांची संवेदना जी नस पुरवते ती तळहाताच्या बाहेरच्या गादीखालून, हाडांच्या अरुंद खोबणीतून जाते, आणि नेमकी तीच गादी हँडलवर टेकते. सायकलस्वारांना हे दुखणे इतके सर्रास होते की वैद्यकात त्याला सायकलस्वारांचेच नाव मिळाले आहे. मी थांबले, व्हॉल्व्ह दाबून हवा सोडत सोडत ३२ वर आणली. पुढच्या शंभर मीटरमध्येच फरक जाणवला. रस्ता तोच, पण दात वाजायचे थांबले. त्याहून कमी केले असते तर धारदार दगडावर टायर पूर्ण दबून रिम आपटण्याचा धोका होता, म्हणून तिथेच थांबले.

बांध सोडून नदीच्या काठची मळलेली वाट धरल्यावर खरी शिकवणी सुरू झाली. नदी नागमोडी होती आणि वाट तिच्या प्रत्येक वळणाला धरून जात होती. अशा वळणावर नदी बाहेरचा काठ कापते आणि आतल्या बाजूला वाळू साठवते. याचे कारण आइन्स्टाइनने १९२६ साली एका छोट्या लेखात चहाच्या पेल्याने समजावून सांगितले आहे: चहा ढवळला की पत्ती कडेला न फेकली जाता तळाशी मधोमध गोळा होते, कारण तळाजवळचे पाणी घर्षणाने मंदावते आणि आतल्या दिशेला वळते. नदीच्या वळणात तळाचे पाणी असेच आतल्या काठाकडे वाळू ओढून नेते. याचा सायकलस्वाराला अर्थ असा, की वाट वळणाच्या आतून जात असेल तर पुढे वाळू आहे हे न पाहता धरून चालावे, आणि बाहेरून जात असेल तर वाट घट्ट असेल पण काठ खचलेला असू शकेल. एका जागी तर नकाशावरची रेघ थेट पाण्यातून जात होती. नकाशा जुना होता. मधल्या काळात नदीने काठ खाल्ला होता आणि वाटेचे तुटलेले टोक हवेत लोंबत होते, एखाद्या कुंपणाचे दोन खांब तारेसकट खाली झुललेले. आम्ही सायकली उचलून शेताच्या बांधावरून वळसा घातला.

वाळूत मी पहिल्या दिवशी सहा वेळा उतरले आणि एकदा पडले. माझी सवय अशी की पुढचे चाक रुतायला लागले की हँडल घट्ट पकडायचे, ब्रेक दाबायचा आणि चाकाकडेच पाहायचे. या तिन्ही गोष्टी नेमक्या उलट्या आहेत. दादाने मला एका लांब वाळूच्या पट्ट्याआधी थांबवले आणि स्वतः तीनदा जाऊन दाखवले. वाळू सुरू होण्याच्या आधीच, घट्ट जमिनीवर असताना, दोन गिअर हलके करायचे. बूड सीटवर किंचित मागे सरकवायचे, म्हणजे पुढचे चाक हलके होते. हातांची पकड इतकी सैल, की हँडल दोन्हीकडे थोडे थोडे हलू शकेल; ते हलतेच, त्याला हलू द्यायचे. पाय मात्र एका लयीत, न थांबता. नजर वाळू संपते तिथे. आणि वळायचेच असेल तर हँडलने न वळता शरीर कलवून. चौथ्या प्रयत्नात मी तो चाळीस मीटरचा पट्टा न उतरता पार केला. टायरखालून येणारा तो सुंऽऽ असा दबका आवाज आणि मागचे चाक थोडे डावीकडे घसरत असूनही सायकल पुढे जातेच आहे ही जाणीव, यांची बरोबरी दिवसभरातल्या दुसऱ्या कशाशीच झाली नाही.

वाऱ्याबद्दल मी मुळीच विचार केला नव्हता. ताशी १५ किलोमीटरने जाताना समोरून तेवढाच वारा आला तर अंगावर येणारी हवा ३० च्या वेगाची होते, आणि हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने तो चौपट होतो. घाटात झाडी आणि वळणे आडोसा देतात. खोऱ्यात काहीच आडवे येत नाही. त्यात नदी नागमोडी, म्हणून दर दीड-दोन किलोमीटरला वारा समोरून पाठीमागे आणि पाठीमागून समोर. वेग ताशी २४ वरून ११ वर येई आणि त्या प्रत्येक बदलात नवी लय शोधावी लागे. डांबरी रस्त्यावर मी पुढच्याच्या चाकामागे लपले असते. इथे तसे केले की तोंडात धूळ जाते आणि, याहून वाईट म्हणजे, समोरची जमीन दिसत नाही.

आणि दादाचे ते उताराबद्दलचे वाक्य. डोंगरात चढताना दमछाक होते खरी, पण उतारावर पाय थांबतात, बूड सीटवरून उठते, हातांची जागा बदलते, पाणी पिता येते, डोळे इकडेतिकडे फिरतात. सपाटीवर पेडल थांबले की मऊ जमिनीवर सायकल दहा-बारा मीटरमध्ये थांबते. मिनिटाला ७५ फेऱ्या धरल्या तर पहिल्या दिवशी मी सुमारे तीस हजार फेऱ्या मारल्या, जवळजवळ सगळ्या एकाच आसनात. संध्याकाळी सायकलवरून उतरल्यावर मांड्या ठीक होत्या. कंबर, मान, तळहात आणि बूड मात्र कुणी परके असावेत तसे वागत होते. दुसऱ्या दिवसापासून मी घड्याळ लावून दर दहा मिनिटांनी पेडलवर उभी राहिले आणि वीस फेऱ्या उभ्याने मारल्या. उतार नसेल तर तो असा हप्त्याहप्त्याने स्वतःच तयार करावा लागतो.

दुसऱ्या दिवशी राखीव वन. नाक्यावर नोंद केली, ठरवून दिलेले रस्ते सोडायचे नाहीत, सूर्यास्ताआधी पलीकडच्या नाक्यातून बाहेर पडायचे, अशी समज मिळाली. वनरक्षकाने आमच्या सायकलींभोवती एक फेरी मारली, मागचे चाक उचलून हाताने फिरवले, आणि म्हणाला, "ताई, यांचा आवाजच होत नाही, हीच भीती. गाडी येते ती जनावराला लांबून कळते, माणूस चालत येतो तो हळू येतो. तुम्ही वेगाने येणार आणि तेही गुपचूप. झाडी दाट असेल तिथे वळणावर बोलत जा." हे मला कुणीच सांगितले नव्हते. काय बोलायचे हा प्रश्नच होता, कारण तासाभरात आमचे बोलणे संपले. मग दादाने पाढे काढले. आंधळे वळण आले की तो मोठ्याने एकोणतिसाचा पाढा सुरू करी आणि मी अडखळत साथ देई. एका वळणाच्या पुढे, आम्ही एकोणतीस सक्कंपर्यंत आलो असताना, एका हरिणीने मान वर केली, आमच्याकडे पुरते पाहून घेतले, आणि घाई न करता पाडसाला घेऊन झाडीत गेली.

जंगलाचा पहिला लाभ म्हणजे वारा थांबला. दुसरा लाभ सावली, पण ती दिसते तितकी साधी नाही. पानांतून पडणारे उन्हाचे कवडसे जमिनीवर इतके हलतात की खड्डा आणि सावली यांत फरक कळत नाही, आणि सुकलेल्या पानांच्या थराखाली मुळे असतात. मूळ वाटेला आडवे असेल तर चाक त्यावरून उडते आणि पुढे जाते. तिरके असेल, आणि त्यातून ओले, तर पुढचे चाक त्याच्यावरून घसरत जाते. लाकडी साकवाचेही तसेच. दोन्ही ठिकाणी सायकल सरळ करून, ब्रेक न लावता, काटकोनात जायचे. उपग्रहावरून दिशा दाखवणारे यंत्र दाट झाडीत दहा-वीस मीटर भरकटते, त्यामुळे दोन वाटा जवळजवळ फुटल्या की ते आपल्याला चुकीच्याच वाटेवर असल्याचे खात्रीने सांगते. आम्ही अशा एका फाट्यावर चुकलो आणि जाळरेषेत शिरलो. वणवा पसरू नये म्हणून झाडोरा काढून ठेवलेली ही मोकळी पट्टी नकाशावर सरळ, रुंद, मोहात पाडणारी दिसते. प्रत्यक्षात ती नांगरल्यासारखी भुसभुशीत होती. शिवाय तो आमचा ठरलेला रस्ता नव्हे, हेही लवकरच लक्षात आले आणि आम्ही उलटे फिरलो.

बाहेरच्या नाक्याला १९ किलोमीटर उरले असताना माझा मागचा टायर फुसफुसला. मुख्य रस्त्यावर नवी, हाताने फोडल्यासारखी धारदार खडी टाकलेली होती आणि तिने टायरला बाजूने, तळवा आणि रिम यांच्या मधल्या पातळ भागात, अर्ध्या सेंटिमीटरची चीर पाडली होती. अशा वेळी चिरेतून पांढरे सीलंट उडायला हवे. माझ्या चिरेतून नुसती हवा आली. रबरी दोरीचा प्लग खुपसून पाहिला, पण बाजूच्या पातळ भागात तो टिकत नाही. दोनदा पंप मारला, दोनदा बाहेर आला. शेवटी ट्यूब घालायची ठरली. टायर रिमवरून काढला तर आत सीलंटची वाळलेली साय आणि त्याचे रबरी गोळे. दादा काही बोलला नाही, हे त्याचे मोठेपण.

ट्यूब घालणार तोच त्याने माझा हात धरला. "आधी आतून बोट फिरव, हळू." मी बोट फिरवले आणि लगेच मागे घेतले. टायरच्या आतल्या बाजूने काट्यांची टोके आली होती. गेल्या सात महिन्यांत शिरलेला प्रत्येक काटा सीलंटने जागच्या जागी बुजवला होता आणि मला एकाचाही पत्ता नव्हता. ट्यूब घालून हवा भरली असती तर पहिल्याच फेरीत तिची चाळण झाली असती. छोट्या पकडीने एकेक काटा ओढून काढला; अकरा निघाले. चिरेला आतून आधार म्हणून टूथपेस्टच्या रिकाम्या नळीचा तुकडा कापून बसवला, कारण तो न ताणणारा आणि न फाटणारा असतो. ट्यूब थोडी फुगवून बसवली, टायर हाताच्या अंगठ्यांनी चढवला, दोनशेवर पंप मारले. या सगळ्यात ५० मिनिटे गेली. उरलेले १९ किलोमीटर आम्ही मान खाली घालून मारले आणि उन्हे झाडांच्या शेंड्यांवर असताना नाक्यातून बाहेर पडलो. तिथल्या नोंदवहीत वेळ लिहिताना माझ्या हाताला पेन नीट धरता येत नव्हते.

त्या रात्री पाऊस पडला. फार नव्हे, तासभर. सकाळी ७६ किलोमीटर उरले होते आणि दोन पर्याय होते: नदीच्या काठाची लांब, वळणावळणांची वाट, किंवा काठामागच्या सखल भागातून सरळ जाणारी, सहा किलोमीटर वाचवणारी. मी अर्थातच दुसरी सुचवली. दादा म्हणाला, "तू ठरव, पण नदी पूर कसा टाकते ते आठव." नदी काठाबाहेर येते तेव्हा तिचा वेग काठावरच मोडतो आणि जड वाळू तिथेच पडते, म्हणून काठ उंच आणि वालुकामय होत जातो. बारीक चिकणमाती पाण्याबरोबर दूर जाते आणि सखल भागात साचलेल्या पाण्यातून सावकाश खाली बसते. पुस्तकात मी हे शिकलेली आहे. तरीही, सहा किलोमीटर म्हणजे सहा किलोमीटर, असे म्हणून मी सरळ वाट धरली.

चारशे मीटर. तेवढ्यात चाके फिरायची थांबली. चिकणमाती टायरला चिकटली, तिला दुसरा थर चिकटला, त्यात गवत आणि काड्या मळल्या गेल्या, आणि सांगाड्यातली ती बोटभर मोकळी जागा विटेसारखी भरून गेली. सायकल ढकलताही येईना, कारण ढकलायला चाक फिरावे लागते. उचलावी तर चिखलासकट तिचे वजन दुप्पट वाटत होते आणि बुटांना प्रत्येक पावलागणिक नवा तळवा येत होता. त्या शर्यतीत, कॅन्सासच्या अनबाउंडमध्ये, २०२३ साली सुरुवातीच्याच टप्प्यात पावसाने असा चिखल केला होता की अव्वल स्पर्धकही सायकली खांद्यावर घेऊन चालले. तिथले जाणते लोक जवळ रंग ढवळायची लाकडी पट्टी ठेवतात. दादाच्या पिशवीतली तसली पट्टी मी निघताना पाहिली होती आणि तिच्यावरून त्याची भरपूर थट्टा केली होती. आता ती त्याने न बोलता माझ्या हातात दिली. लाकडी पट्टी सांगाड्याचा रंग खरवडत नाही आणि फटींत शिरते. चाकाला धरणारा सांगाड्याचा पुढचा काटा, मागचा काटा, ब्रेकची जागा, गिअरची छोटी चाके, असे करत चिखल काढायचा, वीस पावले गवतातून चालायचे, पुन्हा काढायचा. गिअर बदलायचा प्रयत्न अशा वेळी अजिबात करू नये. भरलेल्या चेनला जोर दिला की मागचा गिअरचा हात स्पोकमध्ये ओढला जाऊन मोडतो. चारशे मीटर परत यायला सव्वा तास लागला.

काठाच्या उंच वाटेवर पोचल्यावर मात्र नवल दिसले. तीच वाळू, जिने पहिल्या दिवशी मला सहा वेळा उतरवले होते, पावसाने ओली होऊन दबली होती आणि तिच्यावरून सायकल जवळजवळ डांबरी रस्त्यासारखी धावत होती. कोरडी वाळू चाकाखालून सरकते. ओल्या वाळूचे कण त्यांच्यामधल्या पाण्याच्या पातळ पडद्याने एकमेकांना धरून ठेवतात. ज्या वळणांच्या आतल्या बाजूंना मी घाबरत होते त्याच आता सर्वांत चांगल्या जागा झाल्या होत्या, आणि बाहेरच्या बाजूचा घट्ट पोयटा साबणासारखा निसरडा झाला होता. कालचा नकाशा एका तासाच्या पावसाने उलटा झाला होता. दुपारपर्यंत ऊन पडले, वरचा थर सुकला, आणि तो परत सुलटा झाला.

शेवटचे १४ किलोमीटर डांबरी होते. दादाने थांबून टायरमध्ये हवा वाढवली. मी नाही वाढवली. पंप मारायला उजवा हात वळत नव्हता. मऊ टायरांनी डांबरावर घरघर करत मी त्याच्यामागून गेले, आणि यावेळी त्याच्या चाकामागे लपलेसुद्धा.

घरी आल्यावर सायकल धुतली, वाळलेले सीलंट खरवडून नवे भरले, हँडल एक सेंटिमीटर वर घेतले आणि तळहाताच्या गादीखाली येईल अशा जागी दुहेरी पट्टी गुंडाळली. ही सगळी कामे डाव्या हाताने आणि उजव्याच्या तीन बोटांनी झाली. करंगळीला शर्टाचे बटण जाणवायला आणखी सहा दिवस लागले.